अख्तरीबाई ते बेगम अख्तर

(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत संगीतावर बोलावे असा निरोप आला, तेव्हा संयोजकांच्या मनात बहुधा नाट्यसंगीत असावे, फार तर अभंगवाणी. मी विषय कळवला आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. अहमदाबादेतील मराठी शाळा, आणि बोलायचे ते लखनौच्या एका गझलगायिकेबद्दल! ती शांतता मला समजली. म्हणून आरंभीच दोन कारणे सांगतो.

पहिले कारण असे की बेगम अख्तर यांनी अखेरचा श्वास आपल्या या शहरात घेतला. कार्यक्रमासाठी त्या येथे आल्या होत्या. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. वयाची साठ वर्षे पूर्ण होऊन जेमतेम तीन आठवडे उलटले होते. आपल्या शाळेचेही साठ वर्षांचे आयुष्य आपण आज साजरे करीत आहोत. साठ वर्षांत किती काय होऊन जाते याचा अंदाज या सभागृहातील प्रत्येकाला आहे.

दुसरे कारण अधिक जुने आहे. ज्याला उर्दू गझलेच्या आद्य कवींमध्ये मानाचे स्थान आहे तो वली दखनी आपल्या मराठी मुलखाशी जोडलेला. औरंगाबाद ही त्याची जन्मभूमी मानतात. दख्खनच्या बोलीत लिहिलेल्या गझला घेऊन तो १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला, आणि फारसीशिवाय काव्य होतच नाही अशा समजुतीत वावरणाऱ्या दिल्लीकरांना त्याने आपल्या रोजच्या बोलण्यातही गझल लिहिता येते हे दाखवून दिले. तो वली वारला अहमदाबादेत, १७०७ साली. शाहीबागेकडील त्याची कबर २००२ मध्ये उद्ध्वस्त झाली. आज तेथून रहदारीचा रस्ता जातो. गझलेचा एक आद्य कवी आणि तिची सर्वांत मोठी गायिका, दोघांचाही शेवट या एकाच गावात झाला. अशा गावात राहून गझलेला परकी म्हणणे मला तरी जमत नाही.

आता चरित्राकडे वळतो.

अख्तरीचा जन्म ७ ऑक्टोबर १९१४ रोजी अवधमधील फैजाबादचा. आई मुश्तरीबाई. वडील असगर हुसैन हे वकील. मुश्तरीबाई त्यांची दुसरी पत्नी. पुढे त्यांनी या बायकोला आणि तिच्या जुळ्या मुलींना वाऱ्यावर सोडले. जुळ्यांपैकी जोहरा लहानपणीच विषबाधेने गेली. उरल्या त्या मायलेकी. मुलीला सुखवस्तू घरात देऊन मोकळे होण्याची संधी या आईला नव्हती आणि मुलीच्या डोक्यात तर गाण्यावाचून दुसरे काही शिरत नव्हते. सात वर्षांची असताना तिने एका फिरत्या नाटकमंडळीतील चंद्राबाई नावाच्या गायिकेचे गाणे ऐकले आणि ती खुळावली, असे सांगतात. नाटक कंपनीच्या गाण्याने वेडे होणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मग शिक्षण सुरू झाले. पाटण्याचे सारंगिये उस्ताद इम्दाद खाँ, नंतर पतियाळा घराण्याचे अता मोहम्मद खाँ, आणि पुढे लाहोरात किराण्याचे अब्दुल वहीद खाँ. या शेवटच्या नावापाशी जरा थांबू या. ऐकू कमी येत असल्याने सर्वत्र ‘बहिरे वहीद खाँ’ म्हणून ओळखले जाणारे हे उस्ताद म्हणजे विलंबित ख्यालाचे महासागर. एकेका सुराची बढत तासन्‌तास करणारे. त्यांच्याचकडे आणखी एका मुलीने तालीम घेतली होती. तिचे नाव आपल्याला चांगले परिचित आहे : हिराबाई बडोदेकर. आडनावातच आपला गुजरात घेऊन वावरलेल्या हिराबाई आणि फैजाबादची अख्तरी या एका अर्थाने गुरुभगिनी. पुढील विवेचनात मला हिराबाईंची वारंवार गरज पडणार आहे, म्हणून ही ओळख येथे करून ठेवली.

अख्तरीचे पहिले मोठे जाहीर गाणे कलकत्त्यात झाले. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भीषण भूकंप झाला होता. त्या भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी भरलेल्या जलशात ही मुलगी गायली. सरोजिनी नायडूंनी तिचे जाहीर कौतुक केले. मेगाफोन कंपनीने तबकड्या काढल्या. ‘अख्तरीबाई फैजाबादी’ हे नाव हिंदुस्थानभर झाले. बोलपट आले तसे कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या चित्रपटांतही तिने कामे केली. मेहबूब खाँ यांचा १९४२ चा ‘रोटी’ त्यांतला सर्वांत लक्षणीय. संगीत अनिल विश्वास यांचे. पण पडद्यात ती रमली नाही. नटी म्हणून तिचे स्मरण ठेवावे असे मला वाटत नाही. अपवाद एकच, १९५८ चा सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’. त्यात ढासळत्या जमीनदाराच्या वाड्यात एक गायिका बैठकीला बसते, ती बेगम अख्तर. त्या प्रसंगात अभिनय असा नाहीच. त्या केवळ गातात, आणि एक संपूर्ण काळ मावळताना दिसतो.

त्यांच्या गाण्यात नेमके काय होते? येथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण चरित्र कोणत्याही कोशात मिळेल.

गझल हा प्रकार आपल्याला सुरेश भटांमुळे ठाऊक आहे. दोन ओळींचा शेर, प्रत्येक ओळ म्हणजे एक मिसरा. प्रत्येक शेर स्वतंत्र; सर्व शेरांना बांधणारे काफिया आणि रदीफ. गायकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की पहिला मिसरा प्रश्न उभा करतो आणि दुसरा त्याला अनपेक्षित कलाटणी देतो. मुशायऱ्यात कवी पहिला मिसरा दोन-तीनदा म्हणतो तो उगाच नव्हे. श्रोत्याला तो ताटकळत ठेवतो. बेगम अख्तर यांनी हे ताटकळत ठेवणे सुरांत आणले. एकच मिसरा त्या चार वेळा घेत आणि चारही वेळा त्याचा अर्थ निराळा होई. कसा, ते एका साध्या मराठी वाक्यावर पाहा. ‘तू काल येणार होतास.’ ‘तू’वर भर द्या : इतर कोणी नव्हे, तू. ‘काल’वर द्या : आज येऊन काय उपयोग? ‘येणार’वर द्या : वचन होते. आणि ‘होतास’वर आवाज किंचित खाली आणा : सगळेच संपले. शब्द तेच, चार मनःस्थिती. बेगम हे काम सुराच्या एका लहानशा वळणाने करीत. ख्यालात सुरासाठी शब्द असतो. ठुमरीत शब्दाला सुरांनी नटवतात, त्याला बोलबनाव म्हणतात. गझलेत मात्र शब्द हा यजमान आणि सूर पाहुणा. पाहुण्याने किती बसावे आणि केव्हा उठावे, याचे भान बेगम अख्तर यांच्याइतके दुसऱ्या कोणाला असलेले मी ऐकलेले नाही.

हे भान फुकट आले नव्हते. वहीद खाँसाहेबांकडे सुराची बढत शिकलेला गळा संयमाने तीन सुरांत बोलतो, तेव्हा त्या तीन सुरांच्या पाठीशी न गायलेले पुष्कळ गाणे उभे असते. पूरबेची हळवी ठुमरी आणि पंजाबची चपळ हरकत या दोन्ही वाटा त्यांच्याकडे होत्या. त्या स्वतः पेटी वाजवत, साथीला सारंगी आणि तबला. शेर संपला की तबलजी लग्गी लावी, दुगुनीत काही आवर्तने उधळी आणि समेवर येऊन पुन्हा नम्रपणे ठेका धरी. ती जागा म्हणजे मैफलीचा श्वास. दाद देण्यासाठी श्रोत्याला मिळालेला अवकाशच तो.

आणि आवाज. तो मधाळ नव्हता. तारसप्तकाकडे जाताना तो मध्येच किंचित फाटे, चिरके. उस्तादांच्या दृष्टीने हा दोष. हिंदुस्थानी मैफलीत त्याला ‘पत्ती लगना’ म्हणतात, आणि श्रोते त्या चिरकण्याची वाट पाहत असत. आपल्याकडे बोलता बोलता एखाद्या वयस्क बाईचा कंठ दाटून येतो आणि शब्द अर्धाच बाहेर पडतो, तसे काहीसे. फरक इतकाच की तेथे ते सुरात घडे. दोष लपवून गाणारे पुष्कळ असतात. या बाईंनी दोषाला घरात जागा दिली.

‘बाई’ हा शब्द मी आत्ता सहज उच्चारला. माझ्या व्याख्यानाचा खरा विषय हा शब्द आहे.

आपल्या शाळेत ‘बाई’ म्हटले की आजही हाताची घडी घालून सरळ बसावेसे वाटते. समोर बसलेल्या माझ्या दोन-तीन बाईंना पाहून मला आत्ताही तसेच होते आहे. मराठीत बाई म्हणजे मान. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई. गाण्यात केसरबाई, मोगूबाई, हिराबाई. हाच शब्द उत्तरेत गाणारीच्या नावाला जोडला गेला की त्याला वेगळा वास येऊ लागे. मुश्तरीबाई, अख्तरीबाई : नाव ऐकताच घर कोणते, वस्ती कोणती, रात्रीची बैठक कोणासाठी, हे सर्व ऐकणाऱ्याने गृहीत धरलेले असे. संगीत हवे, संगीताची जाणकारी मिरवायचीही हौस. पण गाणारीला दिवाणखान्याच्या पलीकडच्या खोलीत प्रवेश नाही.

आपण मराठी माणसांनी यात फार मोठेपणा घेण्याचे कारण नाही. नाव मानाचे असले तरी वागणूक तशीच होती असे नव्हे. गोव्याच्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी केवढे गाणे जपले आणि त्यांना काय ऐकून घ्यावे लागले, हे जाणकारांना ठाऊक आहे. माझ्या आईचा गळा गोड होता. ती मंगळागौरीला गायची, हळदीकुंकवाला गायची आणि पुरुषमाणूस दारात आला की थांबायची. कोणी तिला थांब म्हटले नव्हते. म्हणावे लागत नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी विष्णु नारायण भातखंडे या आपल्या मुंबईकर वकिलाने संगीत प्रतिष्ठित घरांत नेण्याचा ध्यास घेतला. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्याची, आणि १९२६ साली त्यांनी सुरू केलेले मॉरिस कॉलेज लखनौचे. कार्य थोर होते यात शंका नाही. आज आपल्या मुली निःसंकोच गाणे शिकतात, परीक्षा देतात, त्यामागे तेही आहेत. तरी मनात एक प्रश्न राहतो. घराघरांतील मुलींसाठी हे दार उघडत असताना, ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ते गाणे गळ्यात सांभाळले होते त्यांच्यासाठी मात्र दार हळूहळू लोटून घेतले जात होते. ज्या लखनौत हे विद्यालय उभे राहिले त्याच शहरात पुढे अख्तरीबाई राहायला आल्या.

येथे हिराबाईंकडे यावे लागते. एकाच उस्तादांच्या दोघी शिष्या. दोघींपुढे प्रश्नही एकच, की गाणाऱ्या स्त्रीने ताठ मानेने कोठे बसायचे? हिराबाईंनी उत्तर दिले नाट्यगृहाच्या रंगमंचावर. तिकीट लावून, समोर कुटुंबवत्सल श्रोते बसवून, हातवारे नाहीत, मुरका नाही, शांतपणे ख्याल गायचा. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने ते स्वीकारले. गाणाऱ्या बाईला ‘बाई’ राहूनच मान मिळाला. अख्तरीबाईंच्या भोवतीचा समाज वेगळा होता आणि त्यांनी निवडलेला मार्गही वेगळा. तो विवाहाचा होता.

१९४५ साली लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी त्यांचा निकाह झाला. अब्बासीसाहेब सुविद्य, काव्याची जाण असलेले गृहस्थ. त्यांना खलपुरुष ठरवण्याची सोय इतिहास आपल्याला देत नाही, आणि म्हणूनच पुढची गोष्ट अधिक बोचते. एका भल्या माणसाच्या प्रतिष्ठित घराची साधी, समजण्यासारखी अपेक्षा होती : आता गाणे नको. अख्तरीबाईंनी ती मान्य केली. बेगमचा दर्जा मिळाला, पडदा मिळाला, अंगण मिळाले. हिंदुस्थान ज्या आवाजासाठी वेडा होता तो आवाज चार-पाच वर्षे बंद राहिला.

त्या आजारी पडल्या. मन खचले. औषधोपचारांनी गुण येईना, तेव्हा गाणे हाच उपाय असे ठरले. १९४९ साली लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर त्या पुन्हा गायल्या. तीन गझला आणि एक दादरा. गाऊन झाल्यावर त्यांना रडू कोसळले, असे सांगतात.

स्वातंत्र्याच्या आगेमागेच्या त्या दिवसांत ज्यांच्या खासगी आयुष्याबद्दल लोकापवाद आहे अशा कलावंतांना रेडिओपासून दूर ठेवण्याचे धोरण आले होते. म्हणजे कोठ्यावरील गाणाऱ्या स्त्रियांना आकाशवाणीचे दारही बंद. त्याच दारातून एक बाई आत आल्या, त्या बॅरिस्टरांच्या पत्नी म्हणून. अख्तरीबाई फैजाबादी हे नाव मागे पडले. निवेदकाने, तबकडीवरील लेबलने, नंतर शासनाने नाव घेतले ते बेगम अख्तर. गळा तोच. तालीम तीच. मुश्तरीबाईंनी एकटीने वाढवलेली मुलगीही तीच. समाजाला बाई चालत नव्हती, बेगम चालत होती.

याकडे दोन प्रकारे पाहता येते. काहीजण म्हणतात की त्यांनी प्रतिष्ठेपुढे मान तुकवली. मला ते पटत नाही. दार बंद असलेल्या माणसाने खिडकीतून आत यावे आणि आत आल्यावर घरच आपलेसे करावे, तसे मला ते दिसते. कारण त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्यांनी जे केले ते कोणाच्या परवानगीने केलेले नव्हते. लखनौमध्ये, नवऱ्याच्या शहरात, त्या जाहीर मैफलींत फारशा गात नसत असे म्हणतात. पण मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि अवघा देश त्यांनी ऐकवून तृप्त केला.

त्यांनी मीर, गालिब, मोमीन, दाग गायले, तसे जिगर मुरादाबादी, शकील बदायुनी, कैफी आझमी हे समकालीनही गायले, आणि सुदर्शन फाकिरसारखा वयाने बराच लहान, तेव्हा नाव नसलेला कवीही गायला. बहुतेक चाली स्वतःच्या. ध्वनिमुद्रित रचनांची संख्या चारशेच्या आसपास सांगितली जाते. शकील यांच्या गझलेची हकीकत त्यांच्या शिष्या शांती हिरानंद सांगत. मुंबईहून लखनौला परत निघताना स्टेशनवर निरोप देण्यास आलेल्या शकीलनी एक चिठ्ठी हातात दिली. बेगमनी ती न वाचताच ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भोपाळच्या आसपास असताना आठवण झाली, चिठ्ठी उघडली, डब्यातच पेटी काढली आणि चाल बांधली. रेल्वेच्या डब्यात बांधलेली ती चाल आज पन्नासाहून अधिक वर्षे लोक गुणगुणत आहेत. जे पालक मुलांना क्लासला पोहोचवताना गाडीत त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेतात, त्यांनी कधी गाणेही म्हणवून घ्यावे, इतकेच या निमित्ताने सुचवतो.

शांती हिरानंद यांचे नाव आले. वारसा म्हणतात तो येथे दिसतो. गंडा बांधून शिष्य करण्याचा अधिकार परंपरेने उस्तादांचा, म्हणजे पुरुषांचा. गाणाऱ्या स्त्रीने गावे, पण ‘उस्ताद’ होऊ नये. बेगम अख्तर यांनी आपल्या शिष्यांच्या हाताला स्वतः गंडा बांधला. आणि त्या शिष्या कोण? शांती हिरानंद लखनौच्या एका हिंदू, संगीताशी व्यवसायाने काहीही संबंध नसलेल्या घरातल्या. अंजली बॅनर्जी, रीता गांगुली बंगाली. म्हणजे ज्या प्रतिष्ठित घरांनी या गायिकांना एकेकाळी दिवाणखान्याबाहेर ठेवले, त्याच घरांच्या मुली त्यांच्या पायाशी बसून शिकल्या, आणि गुरूला ‘अम्मी’ म्हणाल्या. शांतीजींनी पुढे लिहिलेल्या चरित्राच्या नावातही ‘अम्मी’ हाच शब्द आहे. मुश्तरीबाईंची लेक आता अनेक घरांतील मुलींची आई झाली होती. बेगमच्या कारकिर्दीतील एकच गोष्ट निवडा असे कोणी म्हटले तर मी पद्मपुरस्कार निवडणार नाही, हा गंडा निवडीन.

पुरस्कार मिळाले. १९६८ मध्ये पद्मश्री, १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, मृत्यूनंतर १९७५ मध्ये पद्मभूषण. २०१४ च्या जन्मशताब्दीला त्यांच्या स्मरणार्थ सरकारने नाणे काढले. ज्या बैठकींत एकेकाळी गाणारीवर नाणी उधळली जात, त्या परंपरेतील गायिकेचे स्मरण म्हणून नाणे निघावे, यात मला काव्यात्म न्याय दिसतो. इतरांना तो न दिसला तरी हरकत नाही.

त्यांच्या पश्चात गझल बदलली. मेहदी हसन आणि गुलाम अली यांनी तिला रागदारीचा विस्तार दिला; जगजित सिंग यांनी गिटार आणि व्हायोलिन आणून ती घराघरांत पोहोचवली. श्रोते लाखोंनी वाढले. मात्र तबल्याची लग्गी मागे पडली, सारंगी अंग चोरून बसली, आणि ताटकळण्याची मौज कमी झाली. मी जगजितजींचाही चाहता आहे. पण मिसरा थांबला असता आपला श्वास थांबावा, हा अनुभव मला जुन्या तबकड्याच देतात. आगा शाहिद अली या काश्मिरी कवीने इंग्रजीत कविता लिहिल्या, आणि त्याच्या एका संग्रहाचे नावच बेगम अख्तर यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. गाण्याचा वारसा गळ्यांतूनच चालतो असे नाही.

आपल्या मराठीत तो कोठे पोहोचला? बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू यांची आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या. घरी ख्याल, पण मुलीचा ओढा ठुमरी, दादरा आणि गझलेकडे. त्यांच्यासमोर जे दोन आदर्श होते त्यांत बडे गुलाम अली खाँ एक आणि बेगम अख्तर दुसऱ्या. शोभाताईंचे शब्दाला कुरवाळणे ऐकले की लखनौची आठवण होते. आणि मराठी गझल? तिचे एक मूळ आपल्या शेजारी बडोद्यात आहे. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांचा जन्म १८९४ मध्ये बडोद्याचा. फारसीचा हा प्राध्यापक. त्याने फारसी-मराठी कोश केला आणि १९३३ साली ‘गज्जलांजलि’ प्रसिद्ध केली. त्यांचे ‘गज्जल’ हे रूप आज आपल्या कानाला खडबडीत लागते, पण वृत्त मराठीत आणण्याचे कष्ट त्यांचेच. त्या वृत्तात आपल्या काळाचा निखारा ठेवला तो अमरावतीच्या सुरेश भटांनी. त्यांचा ‘रंग माझा वेगळा’ १९७४ सालचा, म्हणजे बेगम अख्तर गेल्या त्याच वर्षीचा. पुढे भीमराव पांचाळे यांच्यासारख्या गायकाने मराठी गझलेची स्वतंत्र मैफल उभी केली. तेथेही शब्द हाच यजमान आहे.

गुजरातबाहेरच्या मराठी मित्रांना नेहमी कुतूहल असते की आमची मुले घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि बाजारात हिंदी कशी बोलतात. वलीपासून माधव जूलियनपर्यंत या प्रदेशातून गेलेल्या गझलेला हा प्रश्न कधी पडलाच नसावा.

बेगम अख्तर यांचे पार्थिव येथून लखनौला नेण्यात आले. पसंदबागेत आईच्या शेजारी त्यांना दफन केले आहे. मध्यंतरी ती जागा दुर्लक्षित होती; २०१२ साली शांती हिरानंद आणि लखनौच्या काही रसिकांच्या प्रयत्नांतून तिचा जीर्णोद्धार झाला. कोणी लखनौला गेलात तर बडा इमामबाडा पाहून झाल्यावर ठाकुरगंजकडे वळा. दोन कबरी आहेत. एक मुश्तरीबाईंची आणि एक बेगम अख्तर यांची.

माझे बोलणे येथे थांबवतो, कारण नववीच्या मुलांनी मघापासून ध्वनियंत्र तयार ठेवले आहे आणि ती चुळबुळत आहेत. रेल्वेच्या डब्यात चाल बांधलेली शकील यांची गझल आता आपण ऐकणार आहोत. पहिला मिसरा त्या किती वेळा घेतात ते मोजा. आवाज वर जाताना जेथे चिरकेल, तेथे टाळी वाजवू नका, नुसते ऐका.